तेवीस चिमट्यांचं जहाज

गेलेलं माणूस स्वप्नात येतं ते काहीतरी मोठं सांगायलाच येतं, याबद्दल सोलापुरातल्या जाणत्या मंडळींचं एकमत आहे. दडवलेल्या दागिन्याचा ठावठिकाणा, राहून गेलेली इच्छा, घराण्याला इशारा, असं काहीतरी वजनदार. शैलजाबाई मोहोळकर मात्र नवऱ्याच्या स्वप्नात येतात त्या कपड्यांचे चिमटे मागायला.

दुपारचे तीन वाजलेत. एप्रिल आहे. पंखा फिरतोय, पण तो वारा घालत नाही, खोलीतलं ऊन नुसतं ढवळतोय. भालचंद्र मोहोळकर जेवणाच्या टेबलाशी बसलेत आणि टेबलावरच्या जहाजाकडे बघतायत. वर्षभरात ते दुपारी कधी आडवे झालेले नाहीत. बसल्या बसल्या डुलकी लागली तर तिला ते झोप मानत नाहीत.

जहाज लाकडी आहे, हातभर लांब, अजून डोलकाठी न लागलेलं. निवृत्तीच्या दिवशी जावयानं परदेशातून आणलेला खोका पुढे केला. त्यात या जहाजाचे सहाशे बारा तुकडे होते आणि सोबत एक माहितीपुस्तिका, इटालियन भाषेतली. भालचंद्ररावांना त्याचं काही वाटलं नाही. सरकारात कालव्यांच्या कामावर चौतीस वर्षं काढलेल्या माणसानं याहून अवघड कागद वाचलेले असतात. अडचण एकच होती. गोंदाच्या बाटलीवर लिहिलं होतं, 'चार तासांत वाळतो.' ही त्यांना थट्टा वाटली. काँक्रीटची ताकद भरायला अठ्ठावीस दिवस लागतात, हे ते झोपेतही सांगू शकत होते. मग जहाजाची पट्टी काय चार तासांत धरणार? त्यांनी प्रत्येक पट्टीला अठ्ठावीस दिवस दिले. एकूण पट्ट्या चौऱ्याऐंशी. म्हणजे वयाच्या पासष्टाव्या वर्षी जहाज पुरं, असा लेखी कार्यक्रम आखून त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला.

पट्टी वाळेपर्यंत जागेवर दाबून धरायला काहीतरी लागतं. म्हणून गॅलरीतले कपड्यांचे चिमटे आले. घरात दोन डझनांचं एकच पाकीट होतं.

"नवे आण ना," ते बायकोला म्हणाले होते.

"मी का म्हणून आणू? आधी माझे द्या."

या मुद्द्यावर दोन्ही पक्ष ठाम राहिले. चिमटे जहाजावर आणि बनियनं वाऱ्यावर. खालच्या मजल्यावरचे कलबुर्गीकाका आठवड्यातून एकदा उडून आलेली बनियनं घडी घालून वर आणून देत.

सतराव्या पट्टीच्या दिवशी भालचंद्ररावांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली होती, "अगं, जरा धर इकडे." शैलजाबाई पिठाच्या हातानं आल्या. त्यांनी पट्टी धरली, यांनी गोंद लावला, त्यांनी एकेक करून चिमटे लावले. चोविसावा त्यांच्या हातून निसटला आणि कुठंतरी गेला. "बास, चिकटली आता," त्या म्हणाल्या. त्यावर हे म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

त्या आत गेल्या. जेवताना कुणी बोललं नाही. जेवणं झाल्यावर त्या आडव्या झाल्या, आणि साडेचारला यांनी चहासाठी हाक मारली तेव्हा उठल्या नाहीत.

दहा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, शेवटचं काही बोलणं झालं का हो? "नाही, काही नाही," भालचंद्रराव म्हणत राहिले. आयुष्यात त्यांनी दिलेला हा पहिलाच खोटा अहवाल.

आज त्या गोष्टीला तीनशे त्रेपन्न दिवस झाले. सतरावी पट्टी अजून तेवीस चिमट्यांखाली आहे. कुणी विचारलं तर ते म्हणतात, "वाळू दे अजून." पण उद्या तिथीनं वर्षश्राद्ध. मुलगी, केतकी, संध्याकाळच्या गाडीनं पुण्याहून येतेय. सकाळीच तिचा फोन होता, "बाबा, टेबल मोकळं करून ठेवा हां. उद्या पंधरा पानं आहेत." जहाज उचलायचं तर चिमटे काढायला हवेत, आणि चिमटे काढले आणि पट्टी सुटली तर? शैलजाबाईंच्या हातची एवढी एकच पट्टी आहे. बाकी सोळा यांनी एकट्यानं लावल्यात, आणि सरळ आहेत, पण त्यांचं काय एवढं.

भालचंद्रराव हात पुढे करतात. पहिल्या चिमट्याला बोट लावतात. आणि तसंच राहू देतात.

पंख्याचा आवाज लांब जातो. मग पाण्याचा येतो.

"चिमटे कुठायत?"

शैलजाबाई गॅलरीच्या दारात उभ्या आहेत. कमरेवर बादली, बादलीत पिळलेले कपडे, पदर खोचलेला. वर्ष झालं गेल्याला, पण धुणं संपलेलं दिसत नाही.

"कामात आहेत," भालचंद्रराव म्हणतात. दचकायला हवं हे त्यांच्या लक्षात येतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

"किती दिवस?"

"अठ्ठावीस."

"आणि झाले किती?"

ते उत्तर देत नाहीत. त्यांना आकडा पाठ आहे, म्हणूनच देत नाहीत.

"एवढ्यात तुमचं धरण भरून सांडव्यावरनं पाणी गेलं असतं," असं म्हणत त्या गॅलरीत जातात. ते मागोमाग जातात. गॅलरी नेहमीपेक्षा लांब आहे. खाली फरशी नाही, पट्ट्या आहेत, एकेक ओळखीची. सात, आठ, नऊ. कपड्यांची दोरी वर वर जातेय, आणि जिथं ती संपते तिथं डोलकाठी आहे, अजून न लावलेली. शैलजाबाई पंजांवर उभ्या राहून त्या दोरीवर बनियन टाकतात. वारा बनियनात भरतो आणि सगळी गॅलरी हळूच पुढे सरकते.

"बघा," त्या म्हणतात, "पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला या जहाजाचा."

"ते शोभेचं आहे. पाण्यात घालायचं नसतं."

"मग हे खाली काय आहे?"

खाली कालवा आहे. डावा कालवा, किलोमीटर बावीस. भालचंद्ररावांना दगड बघावा लागत नाही. काठावर बाभळी, पलीकडं उसाची शेतं, आणि वळणावर ती दोन खोल्यांची सरकारी चाळ, जिथं लग्नानंतरचं पहिलं वर्ष गेलं. दाराला निळा रंग होता, तो आहे. उंबऱ्याशी पाण्याचं पिंप होतं, ते आहे. पिंपावर ठेवलेला पितळी तांब्या त्यांच्या आईचा होता, आणि तो बदलीच्या ट्रकमध्ये हरवला होता. तोही आहे.

शैलजाबाई पायरीवर बसल्यात, चोवीस वर्षांच्या. बादली तीच. त्या कसल्यातरी कागदाची होडी करतायत.

"अगं, तो कशाचा कागद आहे?"

"तुमच्या टेबलावरचा. जांभळ्या अक्षरांचा."

"ती दप्तरी ठेवायची स्थळप्रत आहे!"

"दोन होत्या," त्या म्हणतात आणि होडी पाण्यात सोडतात.

तेव्हा झालं होतं तेच आताही होतं. भालचंद्रराव आधी रागावतात, मग घड्याळ बघतात, मग होडीच्या बरोबरीनं काठाकाठानं पळायला लागतात. कालव्याच्या पाण्याचा वेग काढायला काहीतरी तरंगतं सोडून ते किती वेळात किती लांब गेलं हे मोजतात. एवढी चांगली होडी आयती निघालीये तर वाया का घालवा? पहिला खांब, दुसरा खांब, तिसरा. मागून ती हसतेय. ओरडतेय, "अहो, चप्पल तरी घाला!" तिसाव्या मीटरला होडी कलते. पण तोपर्यंत आकडा मिळालेला असतो, आणि तो आकडा पुढं तीस वर्षं सरकारी वहीत राहिला, शेऱ्याच्या रकान्यासह. शेऱ्यात लिहिलं होतं, 'कागदी होडीने मोजले.' कुणीही कधी हरकत घेतली नाही. लग्नाच्या वाढदिवसाला शैलजाबाईंनी हा किस्सा जावयाला इतक्यांदा सांगितला, की त्यानं शेवटी जहाजच आणून दिलं.

भालचंद्रराव धापा टाकत परत येतात. चाळीच्या दारातून आत शिरतात, तर आत सोलापूरचं स्वयंपाकघर आहे. ओट्यावर कुकर आहे. शैलजाबाई कणीक मळतायत, केस पुन्हा पांढरे.

आता विचारलं नाही तर राहील, असं त्यांना वाटतं. ते म्हणतात, "त्या दिवशी मी जे बोललो ना..."

"कुठल्या दिवशी?"

"पट्टी धरली होतीस तेव्हा."

"काय बोललात?"

"तुला काय कळतंय त्यातलं, असं बोललो."

शैलजाबाई आठवून बघतात. मनापासून बघतात, हे त्यांच्या कपाळावरनं कळतं.

"कधी? मी तर ऐकलंच नाही."

"ऐकलं नाहीस म्हणजे? शेजारी तर उभी होतीस!"

"अहो, कुकर लावला होता. दुसरी शिट्टी झाली की तिसरी, तिकडं कान होता माझा."

"मग आत का गेलीस तरातरा?"

"तिसरी होती."

भालचंद्रराव खुर्चीत बसतात. खुर्ची नाहीये, पण ते बसतात.

"आणि जेवताना का बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता. मला वाटलं, जहाजाचा विचार करताय. म्हटलं करू दे."

"मी वर्षभर..." ते म्हणतात आणि थांबतात. मग रागच येतो त्यांना. "वर्षभर मी ते वाक्य घेऊन बसलोय. रात्री उठून बसतो. एकदा तरी सांगायचंस, की ऐकलं नाही म्हणून!"

"कधी सांगणार होते? झोपले होते ना मी."

कुकर फुसफुसतो. ती कणकेचा गोळा उलटा करते, वरून बोटानं तेल लावते.

"तुमचं सगळं ऐकत बसले असते तर एकतीस वर्षं भात करपला असता," ती म्हणते. आवाजात तक्रार नसते, नुसता हिशेबीपणा असतो. "केतकी येतीये ना आज? ते टेबल मोकळं करा. आणि माझे चिमटे द्या, कपडे ओले आहेत."

"पट्टी सुटेल."

"सुटली तर परत लावा. तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

"पण ती तू लावलीस."

शैलजाबाई हात थांबवतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघतात, ताप आलेल्या माणसाकडं बघावं तसं.

"मी नुसती धरली होती हो," त्या म्हणतात. "लावली तुम्हीच."

मग हात पुसत जवळ येतात. ओच्यातून एक निळा चिमटा काढतात. "हा घ्या. विसराल म्हणून," असं म्हणत तो त्यांच्या गालाला लावतात, लग्नाच्या पहिल्या वर्षी पेपर वाचता वाचता त्यांचा डोळा लागला की लावायच्या, अगदी तसाच. दुखतो. तेव्हाही दुखायचा. कुकरची शिट्टी होते. कितवी ते भालचंद्रराव मोजू लागतात, आणि...

गाल टेबलावर आहे. पंखा फिरतोय. साडेचार वाजलेत.

भालचंद्रराव मान उचलतात. गालाला काहीतरी चिकटून वर येतं आणि टप्पकन टेबलावर पडतं. निळा चिमटा. ते जहाजाकडे बघतात आणि मोजतात. तेवीस. पुन्हा मोजतात, उलट्या बाजूनं. तेवीसच, एकही हललेला नाही. मग हा चोविसावा. वर्षापूर्वी तिच्या हातून निसटला, तेव्हापासून तो या घरात कुणालाही दिसलेला नाही. गालावर हात लावतात तर दोन खोल रेघा लागतात.

ते निळा चिमटा बाजूला ठेवतात. मग चिमटे काढायला लागतात. पहिला काढताना डोळे मिटतात. दुसरा, तिसरा. दहाव्यापर्यंत श्वास धरलेला असतो, मग तो धरवत नाही. तेविसावा निघतो. पट्टी जागच्या जागी आहे. नखानं टिचकी मारतात, मग जरा जोरात मारतात. हलत नाही. ते जहाज दोन्ही हातांनी उचलतात, दिवाणखान्यातल्या कपाटावर नेऊन ठेवतात आणि तोंड भिंतीकडे झालेलं बघून फिरवून गॅलरीकडे करतात.

पाच वाजता रुक्मिणीबाई भांड्याला येतात. मोकळं टेबल बघून थबकतात, मग गॅलरीत डोकावतात. दोरीवर सकाळचे कपडे, आणि प्रत्येकाला दोन दोन चिमटे. बनियनाला तीन.

"अगंबाई, काढले व्हय?"

"काढले." भालचंद्रराव म्हणतात. निळा चिमटा त्यांनी दोरीला लावलेला नाही, तो त्यांच्या मुठीत आहे. सांगावं की नाही, याचा ते विचार करतात. मग मूठ उघडतात. "रुक्मिणीबाई, हा बघा. चोविसावा. सापडला."

रुक्मिणीबाई बघतात.

"सापडला काय, मीच तर ठेवला सकाळी टेबलावर," त्या म्हणतात. "उद्याचं म्हणून फ्रिज सरकवून झाडलं की. मागं पडला होता. आणि साहेब, फ्रिजच्या मागं बनियन पण आहे एक."