घरचं दळण

आमच्या घरात तेव्हा एका स्वयंपाकघरात तेरा माणसं जेवत होती. आम्ही तीन भाऊ, तिघांच्या बायका, सहा मुलं आणि एक सून. घर पेठेत, आणि घराखालीच आमची पिठाची गिरणी. ती वडिलांनी घातलेली. दादा बँकेत लागला, धाकटा कॉलेजात शिकवायला लागला, त्यामुळे गिरणी माझ्याकडे आली. अंगावर पीठ घेऊन वर जेवायला जाणारा मी एकटाच.

वडिलांनी गिरणीला एक नियम घालून दिला होता. बाजरी दळून झाली की थोडी दगडांत अडकून राहते. त्यावर लगेच कुणाचा गहू टाकला तर त्याच्या पिठात ती उतरते. म्हणून मधे आपल्या घरचा गहू टाकायचा, ती मिसळ आपल्या डब्यात घ्यायची आणि मग गिऱ्हाइकाचं दळण घ्यायचं. त्यामुळे आमची पोळी कायम जरा काळपट. पाहुण्यांनी विचारलं की वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे अशीच असते." मला ते ऐकून फार बरं वाटायचं. बँकेतल्या दादासकट सगळं घर गिरणीत काम करतंय, असं वाटायचं.

दादाचा मोठा मुलगा आयटीत. त्यानं जिममधून पॅलिओ आणलं. एका रविवारी सकाळी मी खाली गिरणीत असताना वर सगळं ठरलं. धान्य बंद, डाळी बंद, दूध-साखर बंद. मटण, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा एवढंच खायचं. दुपारी वर गेलो तर ताटात पोळी नव्हती.

"आजपासून आपण सगळे पॅलिओ," दादा म्हणाला. "गुहेतली माणसं जेवायची तसं."

"त्यांच्या गुहेखाली गिरणी नसावी," मी म्हटलं. सगळे हसले, मीही हसलो. गिरणीवाल्याच्या घरात गहू बंद होतो आणि गिरणीवाल्याला विचारावं असं कुणालाच सुचत नाही, हे मला लागलं होतं. पण दादाची शुगर वाढलेली, माझ्या बायकोचे गुडघे धरलेले. बारा जण एका बाजूला असताना मी कशाला तोंड वाकडं करू?

घरचं दळण थांबलं. मी बाजारातून गहू आणून मधे टाकायला लागलो आणि ते पीठ कात्रजकडच्या एका गोठ्यात द्यायला लागलो. कुणाच्याही डब्यात मी मिसळ जाऊ दिली नाही.

दोन महिन्यांत वजनं उतरली, पण पोळीवाचून सगळे कासावीस झाले होते. मग पुतण्यानं मोबाइलमध्ये बघून जाहीर केलं की शिंगाडा धान्यात मोडत नाही. म्हणजे रोजची एकादशी, फक्त मटणासकट. पानात गरम भाकरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "पीठ कुठलं?"

"आणलंय," ती म्हणाली. मला वाटलं, दुकानातलं तयार असेल.

पुढच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका दळण घेऊन आल्या. वडिलांच्या वेळेपासूनचं हे गिऱ्हाईक. मुलीकडे वारज्याला जाऊन आल्या होत्या.

"तुमच्या वहिनी आणि बायको भेटल्या हो, वारज्याच्या गिरणीत," त्या म्हणाल्या. "शिंगाडे दळत होत्या. तुमच्याकडे रांग फार असते वाटतं!"

रांगेत त्या एकट्याच होत्या. मी त्यांचा डबा भरून दिला आणि गिरणी तशीच सोडून वर गेलो.

दादानं पेपर खाली ठेवला. "अरे, तुझ्या दगडाला गहू बसलेला असतो. आपल्याला त्याचा अंशसुद्धा नको. वारज्याला फक्त उपासाचं दळतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"एवढ्या वर्षांत कुणी म्हणालं का, माझ्या गिरणीत मिसळ होते म्हणून? आधी सांगितलं असतंत तर दगड उघडून, साफ करून दळून दिलं असतं मी."

बायको दुधी सोलत होती, तिनं मान वर केली नाही. मला फसवल्यासारखं वाटलं, असं लिहिणार होतो. पण फसवलंच होतं, आणि तिनंही.

त्यानंतर दोघी उघड वारज्याला जायला लागल्या. एका शुक्रवारी वहिनी खुशीत परत आल्या. "सकाळी सकाळी पहिलाच नंबर लागला. रांगच नव्हती."

दुपारी पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली कचकच आली. आमच्याकडे गुरुवारी सगळ्याच गिरण्या बंद असतात, त्या दिवशी आम्ही दगडांना टाकी लावतो, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करतो. टाकी लावल्यावर पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. ते पीठ कुणी ओळखीच्या गिऱ्हाइकाला देत नाही. या दोघी त्या गिरणीवाल्याच्या कुणीच नव्हत्या.

"बघ, किती शुद्ध," दादा म्हणाला. "चवच वेगळी."

बायको चावता चावता थांबली. तीस वर्षं गिरणीवाल्याच्या घरात काढलेली बाई, तिला ती कच कळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर तो पिठाचा डबा तिथल्या तिथे बाजूला गेला असता. मी पानातल्या भाजीकडे बघत राहिलो. तिनं घास गिळला. दादानं दुसरी भाकरी मागितली, मग मुलांनी मागितली, आणि मी वाढू दिली. खराब आहे हे माहीत असून मी कुणाला पीठ खाऊ दिलं असेल तर ते आयुष्यात त्या एकाच दिवशी, आणि तेही माझ्याच घरच्यांना.