माझ्या हातची आंबील

ऑफिसात मला सगळे आंबीलवाला म्हणायचे. हा मान मी बायकोकडून चोरला होता.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कचेरीत मी कारकून होतो. १९९६च्या उन्हाळ्यात माझ्या पित्तावर उपाय म्हणून मीनानं नाचणीची आंबील सुरू केली. रात्री पीठ भिजवायचं, सकाळी शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घालायचा. माझं काम एवढंच, की थर्मास सायकलला अडकवून न्यायचा.

एकदा आमच्या साहेबांनी, गणपतरावांनी, घोटभर चाखली. "नागसेन, झकास हाय. कुणी केली?"

"मीच करतो की, साहेब."

हे तोंडून का गेलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण साहेबांनी कौतुकानं पाहिलं आणि मला ते आवडलं. मग पावसाळ्यात हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं माझं झालं, थंडीत डिंकाचे लाडू माझे झाले. लोक कृती विचारायचे. म्हणून मी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मीनाला एकेक विचारून घ्यायचो आणि दुपारी तेच ऐटीत सांगायचो. "लसूण चिरायचा नाही, ठेचायचा," असं बोट वर करून सांगताना मी कसा दिसत असेन, कोण जाणे.

दोन वर्षं हे चाललं. मग मे महिन्यात ऑफिसची सहल पन्हाळ्याला ठरली. साहेब म्हणाले, "बाटलीतलं काय नको. नागसेनची आंबील. तीस माणसं."

मीना नेमकी बुद्धपौर्णिमेच्या खिरीच्या तयारीसाठी भावाकडं कसबा बावड्याला गेली होती. रिक्षानं जाऊन विचारून येता आलं असतं. पण मग दोन वर्षांचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी स्वतःच पीठ भिजवलं. एका रात्रीत आंबील चांगली होते, तर तीन रात्रींत किती चांगली होईल, असा माझा हिशेब. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बयाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "नागसेन, घरात उंदीर मेलाय काय?"

शिजवताना गाठी झाल्या. त्या रवीनं घुसळल्या, निम्म्या फुटल्या. गरम आंबिलीतच ताक ओतलं, सगळं प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं आणि झाकण दातओठ खाऊन आवळलं.

बसमध्ये कॅन साहेबांच्या सीटमागं ठेवला होता. घाट लागला तसा आमचा म्हातारा शिपाई गुंडू म्हणाला, "नागसेन, ह्याचं पोट फुगलंय की."

"ताजेपणाची खूण हाय ती," मी म्हणालो.

पुढच्या वळणावर झाकण उडून टपाला आपटलं. साहेबांचं डोकं, पांढरा शर्ट, चष्मा, सगळं आंबीलमय. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "नागसेन, ही तुम्हीच करता न्हवं?"

"न्हाय साहेब. बायको करती. पहिल्यापास्नं."

"आमास्नी ठावं हुतं," गुंडू म्हणाला. "लसूण ठेचणाऱ्याच्या हाताला लसणाचा वास येतो."

म्हणजे दोन वर्षं फसत होतो तो मी एकटाच. पन्हाळ्यावर सगळ्यांनी एका बाईकडून ताक घेऊन प्यायलं. मीही प्यायलो, मागं बसून.

मीना परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ती हसेल किंवा भांडेल, असं वाटलं होतं. ती पीठ चाळत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे सकाळी दारात हुबं राहून इचारत हुतासा, ते ह्यासाठी?"

"व्हय."

"मला वाटलं, माझ्यासंगट बोलायला येतासा."

साहेबांच्या शर्टाचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आत गेलो आणि तिच्याशेजारी पाटावर बसलो. शिकायला मला वर्ष लागलं. हुलगे करपवले, डिंक तळताना हात पोळला. आमची अक्षता तेव्हा सातवीत होती. ती मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरी रविवारी जेवायला येऊ नका, पप्पा करतात."

२००३च्या जुलैमध्ये मीनाला ताप आला. मी सुंठ आणि गूळ घालून माडगं केलं. ती उठून बसली आणि तिनं सगळी वाटी संपवली.

"गूळ जास्त पडलाय," ती म्हणाली, आणि वाटी पुन्हा पुढं केली.