हिरड्यावर टांगलेले फोन

आमच्या रिह्याच्या खोऱ्यात मोबाईल आले, पण रेंज आली नाही. ती होती फक्त वरच्या माळावर, एका हिरड्याच्या झाडाखाली. त्यामुळे गावातले फोन सकाळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून त्या हिरड्याला टांगले जायचे. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. न वाटो, मला काय त्याचं! आबा, म्हणजे माझे वडील, तिथंच शेरडं राखायचे, म्हणून फोनांची राखणही त्यांच्याकडेच. कुठलाही वाजला की उचलायचे, "हाय, सांगतो," म्हणायचे आणि खाली हाळी द्यायचे. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाचा पाहुणा पिरंगुटला उतरला, ते गावाच्या आधी आबांना कळायचं.

त्यांचा स्वतःचा फोन मात्र फक्त माझा भाऊ करायचा तेव्हाच वाजायचा. शेरडांमागं हिंडणार नाही म्हणून तो आबांशी कडाकडा भांडला आणि एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेला. जाताना घरातली एकच गोष्ट नेली, आबांचा नंबर. कुठल्या कुठल्या बूथवरून मधूनच फोन करायचा. "बरा हाय," एवढंच. कुठं आहे ते सांगायचा नाही. आबाही तसलेच ताठ, "घरी ये" म्हणून म्हणायचे नाहीत. फोन ठेवला की मात्र दिवसभर शेरडांशी बोलत बसायचे. मला दोघांचाही संताप यायचा.

मग टॉवर आला. थोडे पैसे सरकारचे, थोडे एका नव्या मोबाईल कंपनीचे, आणि जागा आमच्या गायरानाची. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, भाषणं ठोकली. शेरडांचं चरायचं रान कुंपणात गेलं, ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. तरी आबा खूश होते.

"आता त्यो कवाबी करंना, मी घरातच असंन," म्हणाले.

टॉवरवर रेंज त्या एकाच कंपनीची. तिच्या माणसांनी देवळापुढं मांडव घालून नवी सिमकार्डं फुकट वाटली. फुकट म्हटल्यावर काय, अख्ख्या गावानं घेतली. आबांनीही नवं बसवून घेतलं आणि जुनं टाकून दिलं. कुठं टाकलं ते त्यांनाही आठवेना.

मला भरे गावात दिली होती. बऱ्याच महिन्यांनी माहेरी आले तेव्हा हे कळलं आणि मी कपाळावर हात मारला. "आबा, तुमचा नंबर बदलला की वो!"

"काय बोलतीयास? फोन त्योच, मग नंबर कसा बदलंल? घर त्येच असल्यावर पत्ता बदलतो व्हय?"

त्यांना तरी काय बोलायचं? हिरड्याखाली त्यांनी फोन ओळखले होते, हा सरपंचाचा, हा दुकानदाराचा. आतलं कार्ड कुणी बघितलं होतं! मी परोपरीनं समजावलं. "तुला लई कळतंय," म्हणाले आणि फोन उशाला घेऊन आडवे झाले.

मग मीच पिरंगुटला जुन्या कंपनीच्या दुकानात गेले. रिचार्ज नव्हता, नंबर दुसऱ्याला गेला, असं सांगून दुकानदारानं हात झटकले. देव देतो आणि कर्म नेतं, ते हे असं.

दुकानाबाहेर उभी राहून मी तोच नंबर लावला. कुणी परप्रांतातला कामगार होता, मागं मशीनचा खडखडाट. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, तसा म्हणाला, "हाँ, एक आदमी करता था. बोलता था, आबा को दो. मैंने कितनी बार बोला, यहाँ कोई आबा नहीं."

"फिर?"

"रोने लगा. बोला, मुझे मालूम है आबा वहीं बैठे हैं. उनको बोलना, मैं घर आने वाला था. बात नहीं करनी तो रहने दो." मग म्हणाला, "उसके बाद फोन नहीं आया, बहन."

कुठून यायचा तो फोन, ते त्यालाही माहीत नव्हतं. भर बाजारात मी रडले. लोक बघत होते, बघू देत.

घरी आले तर आबा ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसलेले. समोर टॉवर. सगळं सांगायचं ठरवून आले होते. त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकले.

"पोरी, बघ गं जरा. रेंजच्या कांड्या भरल्यात न्हवं सगळ्या?"

मी बघितलं. "भरल्यात, आबा."

"मग त्योच करत न्हाई म्हणायचा," ते म्हणाले.