दारात बसणाऱ्या पार्वतीबाई

आधी माफी मागतो. मला लिहिता येतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे वस्तीत काही लिहायचं निघालं की लोक माझ्याकडे येतात. पाण्याचा अर्ज, रेशनकार्डातली दुरुस्ती, मंडळाच्या बैठकीची हकिगत. एवढंच माझं लिखाण. अर्ज लिहिणं सोपं असतं, कारण शेवटी काय मागायचं ते ठाऊक असतं. पार्वतीबाईंविषयी लिहून मला काय मागायचं आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. शिवाय त्या बायकांच्या मंडळाच्या, आणि मी पुरुष. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

घाटकोपरच्या ज्या टेकडीवर आम्ही राहतो, तिथे दोन आळ्या आहेत. वरच्या आळीत आम्ही, बौद्ध लोक, बहुतेक नगर आणि साताऱ्याकडचे. खालच्या आळीत कोकणातले. मधे दगडी पायऱ्या आणि त्यांच्या निम्म्यावर दोघांचा मिळून एक नळ. वर आमचं जयंती मंडळ, खाली त्यांचं उत्सव मंडळ. ही दोन मंडळं लाउडस्पीकरवरून, पताकांवरून, नळाच्या पाळीवरून भांडत. बायकांचं मंडळ मात्र एकच होतं. ते खालच्या आळीतल्या पार्वतीबाई आणि आमच्या आळीतल्या सरूबाई या दोघींनी काढलं होतं. त्या मंडळाला ना फलक होता, ना खुर्च्या. त्याचं काम एकच. कुठल्या घरात बाईला मार बसू लागला की त्या घराच्या दारात जाऊन बसायचं.

मी अकरावीत होतो. वडिलांच्या गिरणीतला संप लांबला होता आणि त्यांचा हात सैल सुटला होता. त्या दिवशी दुपारी त्यांनी आईला कमरेच्या पट्ट्याने मारायला घेतलं. पट्ट्याचं बक्कल आईच्या पाठीवर उठत होतं. मी मधे पडलो तर मलाही दोन बसले. तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. एक ठेंगणी, काटक बाई काखेतला लाकडी पाट आमच्या उंबऱ्याला लावून आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने ओच्यातून भिजवलेले वाल काढले आणि ती ते सोलू लागली. मागोमाग खालच्या आळीतल्या आणखी बायका आल्या. कुणी सुपात तांदूळ निवडत होती, कुणी मेथी. घासलेट कसं मिळत नाही, यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. घरात काय चाललंय याबद्दल एक शब्द नाही.

"बाई, उठा तिथून," वडील म्हणाले. "ही आमच्या घरातली गोष्ट हाय."

"घरातली आसा तर घरात ऱ्हवांदे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मी खंय घरात इलंय? मी दारात बसलंय."

"लाथ घालीन."

"घाल. दार मात्र उघडा ऱ्हवतला."

वडिलांनी पितळी तांब्या भिरकावला. तो त्यांच्या खांद्यावर लागला. आवाज झाला तेवढाच. पार्वतीबाईंनी तांब्या उचलून बाजूला ठेवला, म्हणाल्या, "चेपलो गो," आणि पुन्हा वाल सोलू लागल्या. माझे वडील घामाने निथळत उभे होते. पट्टा हातात होता, पण सगळ्या आळीच्या देखत तो उचलायचा कसा, ते त्यांना सुचेना. शेवटी ते भिंतीला टेकून खाली बसले.

पण बायका उठल्या नाहीत. त्यांचा रिवाज असा, की ज्याने मारलं त्याने स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि सगळ्यांना द्यायचा. "पयली तिका दी," पार्वतीबाईंनी आईकडे बोट केलं. वडिलांनी जन्मात स्टोव्ह पेटवला नव्हता. पंप मारताना त्यांनी भडका करून घेतला, भुवई जळली, चहा पाणचट झाला. सगळ्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला. जाताना पार्वतीबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "साखर कमी पडली. आता शिकशाल."

हे वाक्य आमच्या घरात पुढे कितीतरी दिवस वडिलांना चिडवायला वापरलं गेलं. चिडवायची आई. तिला तेवढं धाडस आलं होतं. वडिलांनी पुढेही दोनदा हात उचलला, नाही असं नाही, पण दार लावायला ते कधी गेले नाहीत.

पार्वतीबाईंचा दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. वरच्या आळीतल्या घरात खालच्या बायकांनी बसायचं, खालच्या घरात वरच्यांनी. आपल्या आळीत आपण बसायचं नाही. मी एकदा याचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "आपली बाई बसली काय तो तिका वयनी म्हणता, काकी म्हणता, पाया पडता. मगे ती उठता. नात्यातली बाई उठता रे बाबा. परकी उठणा नाय." आणि त्यांचं नेहमीचं वाक्य जोडलं, "दार लागला की माणूस माणूस ऱ्हवना नाय."

सरूबाई त्यांची थट्टा करत. "तुमचं कोकन्यांचं वाल सोलनं सरतच न्हाई. मारनारा कटाळून मार थांबवतो."

"आणि तुमच्या बायका भाकरी थापूक लागल्यो काय तो भुकेन थांबता," पार्वतीबाई म्हणत. मग दोघी एका विडीच्या बंडलातल्या विड्या ओढत नळावर बसत. तीच आमच्या टेकडीवरची सर्वांत मोठी संस्था, असं मला आता वाटतं.

सगळं बिघडलं ते जयंतीच्या मिरवणुकीत. खालच्या आळीत सत्यनारायणाचा मांडव रस्त्यावर आला होता. आमची मिरवणूक तिथे थांबली. बँड बंद करा, मांडव हलवा, यावरून शब्द वाढला आणि पहिली सोडावॉटरची बाटली कुठून आली ते कुणालाच सांगता येत नाही. मग ट्यूबलाइट फुटल्या, सायकलच्या चेन निघाल्या. दगड पायऱ्यांवरून खाली आणि खालून वर येत होते. माझ्या चुलतभावाची दोन बोटं तलवारीने गेली. तो ती शोधत रस्त्यावर वाकला होता, आणि त्याच्या पाठीत कुणीतरी हॉकी स्टिक घालत होतं. खालच्या आळीतला एक शाळकरी मुलगा डोळ्यात काच जाऊन कायमचा अधू झाला. पोलीस आले, लाठ्या चालल्या, दोन्हीकडची पोरं गाडीत भरली गेली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मंडळांनी बंदी घातली. नळाच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. बायकांनीसुद्धा.

पार्वतीबाईंचा मुलगा विलास उत्सव मंडळातला पुढचा गडी होता. दंगलीत त्याच्या डोक्याला टाके पडले होते. घरी बसून तो दिवसभर प्यायचा. त्याची बायको सुनंदा, गरीब स्वभावाची, नळावर सरूबाईंशी बोलली. काय बोलली? "बोटं गेलेल्या त्या पोराचा हात कसा आहे," एवढंच. ते कुणीतरी विलासच्या कानावर घातलं. पार्वतीबाई रेशनच्या दुकानातून परतल्या तेव्हा घरातून सुनंदाचं ओरडणं येत होतं.

त्या क्षणी त्या स्वतः दारात बसू शकल्या असत्या. पण स्वतःच्या नियमावर त्यांचा एवढा विश्वास, की त्या तांदळाची पिशवी दारातच टाकून पायऱ्या चढून वर आल्या. आम्ही नळाच्या वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आमच्या पोरांनी त्यांना अडवलं.

"ए म्हातारे, खाली जा. बंदी हाय."

"सरू खंय आसा? सरूक बोलवा."

"सरू-बिरू कोन न्हाई. जा म्हनलं ना."

एकाने त्यांना ढकललं. त्या पायरीवर पडल्या, गुडघा फुटला, पण तिथूनच हाका मारत राहिल्या. सरूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात पीठ होतं. त्यांनी पोरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सरका. न्हाईतर आदी मला मारा." माझी आईही बाहेर पडली. आणखी बायका जमल्या. कुणाचा नवरा हात धरत होता, कुणाची सासू ओरडत होती. वेळ गेला. नळाशी खालच्या आळीतली पोरं काठ्या घेऊन उभी. वरून माणसं उतरताना दिसली, म्हणजे पुन्हा हल्लाच, असं त्यांना वाटलं. पहिली काठी सरूबाईंच्या कपाळावर बसली. डोळ्यांत रक्त उतरलं तरी त्या थांबल्या नाहीत. "अरे, तुमच्याच सुनेला वाचवाया आलोय," त्या म्हणत होत्या, पण ऐकतंय कोण.

त्या दारापाशी पोचल्या तेव्हा दार आतून लावलेलं होतं. ओरडणंही थांबलं होतं.

दार तोडलं तेव्हा मी बायकांच्या मागे होतो. सुनंदा मोरीत पडली होती. बाजूला वरवंटा. तिचा उजवा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता, हाड बाहेर आलं होतं, आणि कानातून रक्त येत होतं. विलास खाटेवर बसून विडी पेटवत होता. त्याने आईकडे बघून विचारलं, "ह्या बायकांका कित्याक आणलंस वरसून?" पार्वतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुनंदाचं डोकं मांडीवर घेऊन त्या एकच वाक्य म्हणत राहिल्या, "मीच बसाक होया होतंय. मीच बसाक होया होतंय."

सुनंदा वाचली. एका कानाने बहिरी झाली, हात वाकडा जुळला.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागतं. पोलिसांच्या सांगण्यावरून दोन्ही मंडळांची एक समिती झाली. ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली ते एका सतरंजीवर बसून पेढे खाऊ लागले. ठरलं असं, की दंगलीच्या तक्रारी दोघांनीही मागे घ्यायच्या. त्यातच विलासवरची मारहाणीची केसही मागे घ्यायची, म्हणजे खालची मंडळी वरच्या पोरांना सोडवतील. बैठकीत काय झालं ते लिहायला मला बसवलं होतं. आमचे अध्यक्ष म्हणाले, "एकोपा महत्त्वाचा आहे." खालचे अध्यक्ष म्हणाले, "घरचं भांडण घरात मिटवू." पार्वतीबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचे दगड तुम्ही वाटून घेवा," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेचो हात त्यात घालू नकात."

"काकी, पोटचा पोरगा आहे तुमचा."

"माका सांगतंस?" त्या म्हणाल्या. "जन्म दिलो तेव्हा तू खंय होतंस रे?"

मी तेही लिहून घेतलं. नंतर ते वाक्य खोडायला सांगण्यात आलं. मी खोडलं नाही, पण तो कागद कुणी वाचलाही नाही.

कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. विलासच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही आई ना त्याची?" पार्वतीबाई म्हणाल्या, "होय. म्हणान तर माका ठावक, तो कसो मारता." त्या मुलाकडे बघूनच बोलल्या. बाहेर आल्यावर मात्र त्या जिन्यातच बसल्या. मी पाणी आणलं. त्या म्हणाल्या, "लहानपणी माझोच मार खायचो तो. माझ्या घोवान माका मारल्यान की मी त्याका मारी. खंयसून शिकलो मगे?"

विलासला शिक्षा झाली. खालच्या आळीने पार्वतीबाईंना वाळीत टाकलं. भजनाला बोलावणं बंद, नळावर त्यांचा हंडा लाथेने उडवायचे, रात्रीतून दारावर घाण टाकायचे. वरच्या आळीत त्यांना खोली द्यावी असं सरूबाई म्हणाल्या, पण आमच्या मंडळाने समितीकडे बोट दाखवलं. नवा एकोपा बिघडेल म्हणे. शेवटी मालाडला एका वस्तीत भाड्याची खोली मिळाली. सुनंदाला तिकडेच खेळण्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं, एका हाताने जमेल असं.

त्या निघाल्या त्या दिवशी त्यांची ट्रंक उचलायला कुणी पुढे येईना. माझे वडील नळ ओलांडून खाली गेले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन खालच्या आळीतून टेम्पोपर्यंत चालत गेले. एक दगड त्यांच्या पाठीत बसला. त्यांनी मान वळवली नाही. पार्वतीबाई मला म्हणाल्या, "शिक. पण शिकलंस म्हणान एकटो ऱ्हवू नको." मी हो म्हणालो. नंतर परीक्षा, शिकवण्या यांत मालाडला जाणं राहून गेलं. सरूबाई मात्र अधूनमधून जाऊन यायच्या.

गेल्या महिन्यात सरूबाई आमच्या घरी आल्या. भिंतीला टेकून बसल्या. आईने चहा ठेवला तर नको म्हणाल्या.

"पारबती गेली," त्या म्हणाल्या. "लई दिस झालं. मला बी आत्ता कळलं."

विलास तुरुंगातून सुटून आला होता. त्याने पत्ता काढला आणि भर दुपारी मालाडच्या खोलीवर गेला. सुनंदा कामावर होती. ती कोणत्या कारखान्यात जाते, ते त्याला हवं होतं. पार्वतीबाईंनी त्याला जेवायला वाढलं, पण कारखान्याचं नाव सांगितलं नाही. मग त्याने मारायला सुरुवात केली. बराच वेळ मारत होता. त्यांनी नाव सांगितलं नाही. संध्याकाळी सुनंदा परत आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. विलास पकडला गेला. सुनंदा जिवंत आहे, कामावर जाते.

"आणि शेजारी?" मी विचारलं. "भर दुपारी एवढा वेळ, कुणीच आलं नाही?"

"समदी घरातच व्हती. ऐकत व्हती." सरूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "तिथं मंडळ न्हवतं, बाळा. पारबती म्हनत व्हती, दिवाळी झाली की काढू."