नगरपरिषदेच्या चिन्हातले बोंड

दसऱ्याच्या दिवशी आमच्या नगरपरिषदेचे चिन्ह बदलले, जबाबदार अध्यक्ष. दिवाळीनंतर त्याच चिन्हाच्या अवमानाची नोटीस निघाली, जबाबदार मुख्याधिकारी.

जुन्या चिन्हातले बोंड देशी कपाशीचे होते, जमिनीकडे झुकलेले, म्हणून पावसाचे पाणी त्यात साचत नसे. अध्यक्षांना ते रडके वाटले. चित्रकाराने बीटी बियाण्याच्या पाकिटावरचे टम्म, आभाळाकडे पाहणारे बोंड उतरवले.

त्याच हंगामात गुलाबी अळीने माझ्या शेजारणीची कपाशी पोखरली. तिने किडकी बोंडे नगरपरिषदेच्या फाटकावर, त्या चिन्हाखाली बांधली.

"काकू, काऊन ही घाण लावून राह्यल्या?" शिपाई ओरडला.

"तुह्या साहेबाले म्हन बाबू, वरचं बोंड फोडून पाहा. त्यातबी अळीच निघन."

तिला आलेल्या नोटिशीपाठोपाठ आठवडी बाजारातली तिची भाजीची जागा काढून घेतली. मी नगरपरिषदांचा कायदा चाळला. चिन्हाच्या अवमानाचे कलम त्यात नाही. जागेबद्दल विचारणाऱ्या माझ्या अर्जांना पोच मिळाली, उत्तर नाही. अळीपेक्षा मला त्या चिन्हाची किळस येते. कोणत्या कलमाखाली तिची जागा काढली, हे अध्यक्ष आणि मुख्याधिकारी या दोघांनी सर्वसाधारण सभेत लोकांसमोर उभे राहून सांगावे.