रेसमध्ये थांबलेले नाना

रेसच्या गाडीत बसून हॉर्न शोधणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे रेसवाले नाना. हॉर्न मीच काढून टाकला होता. तरी वळण आलं की नानांचा अंगठा स्टिअरिंगच्या मधोमध जायचाच. "समोरून कोनी आलं त मंग?" म्हणायचे. अहो नाना, समोरून कुणी येत नाही म्हणूनच तिला रेस म्हणतात! पण ऐकतील तर नाना कसले.

रावेरला नानांच्या केळीच्या बागा आणि माझं गॅरेज. पन्नाशी उलटल्यावर यांनी एक जुनी कार घेतली, माझ्याकडून तिला आतून पाइपांचा सांगाडा बसवून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी धुळ्याकडच्या मातीच्या मैदानांवर रेसा मारायला लागले. लोक हसायचे. नानांची इच्छा एकच होती: "पक्क्या ट्रॅकवर, मोठ्या माईकवर, एक डाव रावेरचं नाव निघालं पाहिजे. मंग गाडी इकून टाकू."

त्यासाठी आम्ही दोघं टेम्पोत गाडी घालून पार दक्षिणेत गेलो. ट्रॅक अनोळखी, पाट्या वाचता येईनात. शनिवारी सकाळी बाकीचे ड्रायव्हर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. नाना चपला घालून, हात मागे बांधून, बागेत पाणी बघायला फिरावं तसे अख्खा ट्रॅक पायी फिरून आले. "तिसऱ्या वळनाले ढाळ हाय. गाडी तिकडंच जाईन," म्हणाले. आणि दुपारी सरावात स्वतःच तिथं घसरले! वर मलाच, "सांगतलं व्हतं ना तुले!"

रविवारच्या रेसमध्ये मात्र नाना चक्क तिसरे चालले होते. पहिल्या तिघांना व्यासपीठ, आणि व्यासपीठावर माईक. फेरे संपत आले आणि नानांच्या पुढच्या पोराची गाडी नेमकी त्या वळणावर उलटली. पिवळे झेंडे हलले, मदतीची गाडी निघाली. नियम साधा आहे: वेग कमी करा, पण चालत राहा. नाना थांबले! गाडी कडेला लावली, पट्टा सोडला आणि उलटलेल्या गाडीकडे पळत सुटले. आमच्याकडे केळीची गाडी उलटली की मागचे-पुढचे सगळे उतरतात. घड काढून गाडी सरळ केल्याशिवाय कुणी हलत नाही. पण ते रावेरच्या रस्त्यावर हो!

मी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीआडून घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. तो पोरगा धडधाकट बाहेर आला, नानांकडे वळूनही न बघता निघून गेला. मग माईक बोलला, रावेरचा ड्रायव्हर चालू ट्रॅकवर उतरल्यामुळे बाद. निघालं एकदाचं नाव!

परतीच्या वाटेत मी नानांना धारेवर धरलं. "मदतीची गाडी येत होती ना? तुमचं काय अडलं होतं?"

"मानूस उलटा पडेल हाय, अन् मी त्याच्या बाजूनं निघून जाऊ? तूच सांग."

"रेस होती ती, नाना!"

"म्हनून काय झालं?"

आता या माणसाशी काय भांडायचं! नियम त्या लोकांचा बरोबर होता, हे मला कळतं. तरी आठवलं की आजही डोकं फिरतं.

गेल्या उन्हाळ्यात पहूरजवळ हायवेवर नानांची मोटरसायकल घसरली. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत माझ्याही मोबाइलवर आला. भरदुपारी नाना रस्त्याच्या कडेला पडलेले, हात हलतोय, आणि गाड्या त्यांना वळसा घालून चालल्यात. त्यात एमएच एकोणीसच्याही, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या! लाज कशी वाटली नाही रे? तुमची रेस होती का? कोणता कप मिळणार होता? नाना दवाखान्यात पोचले तेव्हा फार उशीर झाला होता.

तेराव्याला नानांच्या घरी मी हाच संताप ओकत होतो. नानांची बायको, आमच्या अक्का, भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "कोनावर चिडता, भाऊ? थांबनारे त हेच व्हते. अन् हेच पडेल व्हते."