रिले पळणाऱ्या मुलींचे आईबाप

असे किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. मैदानाच्या काठावर चार आईबाप उभे राहिले की ते आपोआप साचत जातात. कॉलेज संपवून मी भिलाईला परत आले आणि संध्याकाळी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या मैदानावर मुलींना रिले शिकवू लागले. मुली पटकन शिकल्या. आईबापांचं शिक्षण अजून चालू आहे. मैत्रीण म्हणते, यांच्यावर विनोदी कादंबरी लिही. लिहीन, पण त्याआधी मला त्यांच्यावर चिडणं थांबवता आलं पाहिजे.

*

देशपांडे साहेब कारखान्यात मोठे अधिकारी. त्यांची मंजिरी आमच्या टीममध्ये. साहेब रोज स्टॉपवॉच घेऊन यायचे आणि सराव संपला की माझा रिव्ह्यू घ्यायचे.

“आज मंजिरीचा टाइम घसरला. कारण?”

“बाबा, काल मागून वारा होता,” मंजिरी म्हणाली.

साहेबांनी ते नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारलं, “मग आज वाऱ्याकडे कोण बघत होतं?”

*

देशपांडे काकू डब्यात भिजवलेले बदाम आणायच्या, फक्त मंजिरीसाठी. बाकीच्या तिघी दुसरीकडे बघत उभ्या राहायच्या. ते दुसरीकडे बघणं मला सहन होईना. मी म्हटलं, “काकू, चौघींना द्या, नाहीतर कोणालाच देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी काकूंनी खरंच चौघींसाठी बदाम आणले. मंजिरीचे तेवढे सोललेले होते.

“अगं, सगळ्यांचे सोलायला वेळ कुठं मिळतो?” काकू म्हणाल्या.

अन्याय इतका पातळ असू शकतो, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

*

रिलेत चौघी पळतात, पण आईबापांना सगळ्यांना चौथाच नंबर हवा असतो. शेवटची रेषा चौथी ओलांडते, फोटो तिचा निघतो. आमच्यात सगळ्यात जोरात सुनीता पळायची, म्हणून मी तिला चौथी ठेवली आणि मंजिरीला तिसरी. मंजिरीनं सुनीताच्या हातात बॅटन द्यायचं.

साहेब दुखावले. “म्हणजे आमची मंजिरी काय नुसती सप्लायर?”

*

सुनीताचे वडील, रहांगडाले काका, गोंदियाकडचे. त्याच कारखान्यात कामगार. शिफ्ट सुटली की सायकलवर यायचे, हेल्मेट कॅरिअरला अडकवलेलं, आणि दोरीपलीकडे गप्प उभे राहायचे. बरेच दिवस पाहून झाल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला.

“म्याडम, हे पोरगी एवढी कोणाच्या मांगं पळून राहिली?”

“कोणाच्या मागं नाही काका. सगळ्यांच्या पुढं जायचं असतं.”

“मंग ठीक हाय. मले वाटलं, कोणी काही घेऊन पळालं का काय.”

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, “एक सांगून ठेवतो. औंदा स्पर्धेत तुमचा पयला नंबर आला, त पुढं बी पळू देईन तिले. नाही आला, त बस झालं. घरी माय एकटीच खपून राहिली, तिले हातभार लागन.”

मी वाद घातला, मुलींच्या हक्कांवर बरंच बोलले. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, सायकलचं स्टँड काढलं आणि म्हणाले, “पयला नंबर येऊ द्या न मंग.”

*

पहिला नंबर यायला एकच अडचण होती. मागची मुलगी जमिनीवरच्या खुणेपाशी आली की पुढचीनं पळायला लागायचं आणि पळता पळता मागं हात करून बॅटन घ्यायचं, असं मी शिकवत होते. सुनीता खांबासारखी उभी राहायची. बॅटन मुठीत आलं की मगच पळायची.

“अगं, आधी पाय उचल. कावून उभी राहतेस?” चिडले की माझी मराठी घरची होते.

“बाबा म्हणतात, चार्ज हातात आल्याबिगर ड्युटी चालू होत नाही.”

काका दोरीजवळच होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “आमच्या शिफ्टमंदी असंच असते, म्याडम.”

ती सवय मोडायला मला पूर्ण हिवाळा लागला. पण मोडली. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सुनीता खुणेवर बरोबर निघाली, हात मागं, बॅटन अलगद तळव्यात.

*

स्पर्धेत चार सेक्टरच्या टीम होत्या. मंजिरी आली तेव्हा आम्ही पुढं होतो, चांगल्याच पुढं. सुनीता खुणेवर निघाली. हात मागं गेला. तेवढ्यात मंजिरीचा पाय मुरगळला आणि बॅटन द्यायच्या पट्ट्यातच ती गुडघ्यावर आपटली.

बॅटन तिनं सोडलं नव्हतं. पडल्या पडल्या तिनं ते पुढं धरलं. “ले ना! जल्दी ले!”

सुनीता थांबली, मागं वळली आणि तिच्याजवळ खाली बसली. दुसऱ्या टीमच्या तिघी बाजूनं निघून गेल्या. दोरीमागून साहेब ओरडत होते, मीही ओरडत होते. सुनीतानं मंजिरीचा घोटा चाचपला.

“पहले पैर हिला के दिखा.”

मंजिरीनं पाय हलवला. तेव्हा सुनीतानं बॅटन घेतलं आणि ती सुटली. तशी ती कधीच पळाली नव्हती. एकीला तिनं मागंही टाकलं. आम्ही तिसऱ्या आलो.

साहेब तरातरा रहांगडाले काकांसमोर येऊन उभे राहिले. “तुमची मुलगी तिथं बसून काय करत होती हो? हातात आलेला पहिला नंबर गेला.”

काका अदबीनं जरा बाजूला सरकले. “साहेब, चार्ज घेतानी आधी मशीन पाहा लागते. चालू हाय का बंद हाय.”

साहेब मंजिरी बसली होती तिकडे गेले.

सुनीता मान खाली घालून आमच्याकडे येत होती. काकांनी सायकलचं स्टँड काढलं, तिला पुढं बसायची खूण केली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

“म्याडम, पुढच्या साली बी हिले चौथ्याच नंबरले ठेवजा.”